एफएफटीची वीज जाते कुठे?

मोबाइलवर बोलताना, वाय-फायवरून चित्रपट उतरवून घेताना, गाडीतल्या रडारने पुढच्या ट्रकचे अंतर मोजताना एकच गणित सेकंदाला हजारो वेळा चाललेले असते. वेळेनुसार बदलणाऱ्या लहरीचे नमुने घ्यायचे आणि त्यांत कोणत्या वारंवारता किती प्रमाणात मिसळल्या आहेत ते काढायचे. हे फूरिये रूपांतर. ते झटपट करण्याची रीत म्हणजे फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्म, एफएफटी. संगणकावर ती एका ओळीत मागवता येते आणि तिथे विजेचा विचार सहसा कोणी करत नाही. श्रवणयंत्रात किंवा एकाच बॅटरीवर काही वर्षे काढायची असलेल्या सेन्सरमध्ये मात्र पहिला प्रश्न विजेचाच येतो.

कमी विजेवर चालणारे एफएफटी हार्डवेअर कसे बांधावे, यावर १९९० नंतर पुष्कळ काम झाले आहे. ते ओळीने पाहिले तर एक बदल दिसतो. सुरुवातीला सगळ्यांचे लक्ष आकडेमोड कमी करण्याकडे होते. पुढे ते आकड्यांच्या ने-आणीकडे वळले. आजचे बरेचसे मतभेद या ने-आणीभोवतीच आहेत.

गुणाकार मोजण्याचा काळ

जेम्स कूली आणि जॉन टुकी यांचा जेमतेम पाच पानांचा निबंध १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्यामागे शीतयुद्धाची निकड होती: सोव्हिएत संघाच्या भूमिगत अणुचाचण्या भूकंपमापकांच्या नोंदींतून ओळखायच्या तर प्रचंड प्रमाणात फूरिये रूपांतरे करावी लागणार होती. टुकी यांच्या कल्पनेचे महत्त्व ओळखून रिचर्ड गार्विन यांनी ती तडीस नेण्याचा आग्रह धरला. हीच युक्ती कार्ल फ्रेडरिक गाउसने १८०५च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षा काढताना वापरली होती, हे १९८४ मध्ये हाइडमन, जॉन्सन आणि बरस यांनी सविस्तर दाखवून दिले.

युक्ती अशी की मोठे रूपांतर लहान रूपांतरांत फोडायचे, ती पुन्हा फोडायची, आणि प्रत्येक पायरीवर दोन-दोन संख्यांची जोडी घेऊन एक गुणाकार, एक बेरीज, एक वजाबाकी करायची. या जोडीच्या क्रियेच्या आकृतीत रेषा फुलपाखराच्या पंखांसारख्या एकमेकींना छेदतात, म्हणून तिला बटरफ्लाय म्हणतात. १,०२४ बिंदूंचे रूपांतर सरळ व्याख्येने केले तर संमिश्र संख्यांचे १०,४८,५७६ गुणाकार होतात. एफएफटीत बटरफ्लाय ५,१२० आणि गुणाकारही तेवढेच.

एवढी मोठी बचत हाती आल्यावर आणखी किती वाचवता येईल याची चढाओढ लागणारच. १९७०च्या दशकात श्मुएल विनोग्राड यांनी गुणाकार आणखी घटवणारी रीत मांडली. १९८४ मध्ये स्प्लिट-रॅडिक्स पद्धत नावारूपाला आली. क्रियांच्या एकूण संख्येचा याव्हने यांचा १९६८चा विक्रम तीन दशकांहून अधिक काळ अबाधित राहिला. २००४ नंतर व्हॅन बुस्कर्क आणि मग जॉन्सन व फ्रिगो यांनी तो मोडला, तोही खूप मोठ्या रूपांतरांसाठी सुमारे साडेपाच टक्क्यांनी. गणित म्हणून हे काम देखणे आहे. चिप बांधणाऱ्यांनी मात्र त्याकडे फारसे वळून पाहिले नाही. विनोग्राड किंवा स्प्लिट-रॅडिक्स पद्धतींची रचना ओबडधोबड असते: कोणता आकडा कुठून आणायचा आणि कुठे ठेवायचा याचा क्रम प्रत्येक पायरीवर बदलतो. वाचवलेल्या गुणाकारांची वीज त्या क्रमाचे नियंत्रण करण्यातच खर्च होते.

एका बटरफ्लायचा हिशेब

सीमॉस चिपमध्ये वीज दोन वाटांनी जाते. सर्किटमधला बिंदू शून्यावरून एकवर गेला की त्याची धारकता भरावी लागते. हा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दुसरी वाट गळतीची. ट्रान्झिस्टर बंद असला तरी त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो, चिप काम करो वा न करो.

पहिली वाट आकड्यांत मांडायची तर स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेला ४५ नॅनोमीटर तंत्राचा तक्ता उपयोगी पडतो. त्यात ३२ बिटांच्या पूर्णांकांची बेरीज ०.१ पिकोज्यूलमध्ये होते आणि गुणाकार ३.१ मध्ये. ८ किलोबाइटच्या लहानशा मेमरीतून ६४ बिट काढायला १० पिकोज्यूल लागतात. चिपबाहेरच्या डीरॅमपर्यंत जायचे तर हजारापेक्षा जास्त.

आता १६ बिटांच्या संख्या धरून बटरफ्लायचा ढोबळ हिशेब करू. त्यातल्या संमिश्र क्रिया साध्या संख्यांत उलगडल्या की चार गुणाकार आणि सहा बेरजा-वजाबाक्या होतात; त्या मिळून तीन-चार पिकोज्यूल. दोन संमिश्र संख्या वाचायच्या म्हणजे ६४ बिट, आणि तितकेच परत लिहायचे. यालाच २० पिकोज्यूल गेले. गुणाकार फुकट झाले तरी एकूण खर्चात फार तर सहावा हिस्सा वाचेल. हे गणित सोपे आहे. तरीही गुणाकार किती वाचले हेच ठळकपणे सांगणारे शोधनिबंध अजून येत असतात.

ही ने-आण किती घटवता येईल, याला सैद्धांतिक मर्यादा आहे. १९८१ मध्ये हाँग आणि कुंग यांनी सिद्ध केले की जवळच्या लहान मेमरीत एका वेळी काही ठरावीक आकडेच मावत असतील तर दूरच्या मेमरीकडे किमान किती फेऱ्या माराव्याच लागतील. जवळची मेमरी वाढवली की फेऱ्या कमी होतात, पण लॉगॅरिदमच्या गतीने, म्हणजे फार सावकाश. मेमरी दुप्पट केली म्हणून फेऱ्या निम्म्या होत नाहीत. शिवाय मेमरी जितकी मोठी तितका तिच्या प्रत्येक वाचनाचा खर्च अधिक. पुढच्या बहुतेक रचना या दोन टोकांमध्ये जागा शोधतात.

एक मेमरी की लांब पाइपलाइन

इथे दोन मुख्य बाजू आहेत. पहिली मेमरी-आधारित रचना. एक मेमरी, एक किंवा मोजके बटरफ्लाय. आकडे मेमरीतून काढायचे, क्रिया करायची, परत ठेवायचे, आणि अशा दहा पायऱ्या करायच्या. जागा कमी लागते, आणि १२८ पासून २,०४८ पर्यंत कोणत्याही आकाराचे रूपांतर त्याच सर्किटवर चालते. मोबाइलच्या एलटीई तंत्रज्ञानात एफएफटीचा आकार बँडविड्थप्रमाणे बदलतो, आणि अपलिंकमध्ये, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या संकेतांत, तर २, ३ आणि ५ यांच्या गुणाकारांतून होणारे आकार लागतात. तिथे ही लवचीकता चैन राहत नाही. अडचण ने-आणीचीच.

तिच्यावर दोन उपाय रूढ झाले. एक म्हणजे मोठा रॅडिक्स: एका वेळी दोनऐवजी चार आकडे घ्यायचे, म्हणजे १,०२४ बिंदूंना दहाऐवजी पाच फेऱ्या पुरतात. त्यासाठी एकाच क्षणी चार आकडे वेगवेगळ्या मेमरी-कप्प्यांतून मिळावे लागतात. ते एका कप्प्यात अडकू नयेत म्हणून पत्ते वाटण्याच्या युक्त्यांवर वेगळे साहित्यच तयार झाले आहे.

दुसरा उपाय स्टॅनफर्डच्या बेव्हन बास यांनी ‘स्पिफी’ या चिपमध्ये वापरला. १,०२४ म्हणजे ३२ गुणिले ३२. मोठ्या मेमरीतून ३२ आकडे एका छोट्या कॅशमध्ये आणायचे, त्यांच्यावर लागोपाठ पाच पायऱ्या उरकायच्या आणि मगच परत ठेवायचे. कोठीत एकदाच जाऊन मिसळणाचा डबा भरून घ्यावा आणि फोडण्या त्यातून घालाव्यात, तसे. प्रत्येक आकड्याच्या मोठ्या मेमरीतल्या फेऱ्या दहावरून दोनवर येतात.

दुसरी बाजू पाइपलाइनची. इथे प्रत्येक पायरीला स्वतःचे बटरफ्लाय आणि स्वतःची मेमरी. नमुने एका टोकाने एकामागून एक येत राहतात, दुसऱ्या टोकाने उत्तरे बाहेर पडत राहतात. १९८४ मध्ये वोल्ड आणि डेस्पेन यांनी मांडलेल्या रॅडिक्स-२ रचनेत १,०२४ बिंदूंसाठी पायऱ्यांच्या मेमऱ्या ५१२, २५६, १२८ अशा निम्म्या होत जातात आणि सगळ्या मिळून १,०२३ जागा लागतात. तिच्यात आठ संमिश्र मल्टिप्लायर असतात आणि ते निम्मा वेळ बसून राहतात. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या शौशेंग हे आणि मॅट्स टॉर्केलसन यांनी १९९६ मध्ये यावर फार सुटसुटीत तोड काढली. रॅडिक्स-४ चे गुणाकार पण रॅडिक्स-२ चे साधे बटरफ्लाय, असा मेळ घालून त्यांनी मल्टिप्लायर चारवर आणले, आणि ते तीन-चतुर्थांश वेळ कामात राहतात. दोन पायऱ्यांमधून एका पायरीचा गुणाकार फक्त १, −१ आणि ±i यांनी होतो, म्हणजे तिथे चिन्ह बदलणे आणि जागा अदलाबदल करणे एवढेच उरते. रॅडिक्स-२² नावाने ओळखली जाणारी ही रचना पुढच्या बऱ्याच कामांचा पाया ठरली.

पाइपलाइनच्या बाजूने सांगितले जाते की लहान-लहान मेमऱ्या एका मोठ्या मेमरीपेक्षा स्वस्त पडतात आणि नियंत्रण म्हणजे एक काउंटर. विरोधी बाजू म्हणते की नमुने सलग येत नसतील तर एवढे सर्किट रिकामे बसते आणि गळत राहते. दोन्ही म्हणणी खरी आहेत, पण वेगवेगळ्या परिस्थितींत. टीव्हीचे प्रक्षेपण अखंड चालते; सेन्सर मिनिटातून एकदा जागा होतो. तपशिलाचा एक मुद्दा या वादात मागे पडतो. पाइपलाइनमधली ५१२ जागांची मेमरी, म्हणजे विलंबरेषा, शिफ्ट रजिस्टरची बांधली तर क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला ५१२च्या ५१२ आकडे एक घर पुढे सरकतात. तीच रॅममध्ये, फिरत्या पत्त्यासह बांधली तर एक वाचन आणि एक लेखन होते. आकृतीत दोन्ही रचना सारख्याच दिसतात. विजेच्या बिलात नाही.

सेकंदाला शेकडो कोटी नमुने हवे असतात तिथे एका वेळी दोन, चार, आठ नमुने घेणाऱ्या समांतर पाइपलाइन वापरतात. स्पेनचे मारिओ गारिदो आणि सहकाऱ्यांनी या रचना पद्धतशीर मांडल्या. अमेरिकेत केशब पारही यांच्या गटाने दाखवले की आवाजासारख्या वास्तव संकेतांत रूपांतराचा अर्धा भाग उरलेल्या अर्ध्याचे प्रतिबिंब असतो आणि ती पुनरावृत्ती रचनेतूनच वगळता येते.

व्होल्टेज खाली आणायचे, पण किती?

खर्च व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो, म्हणून व्होल्टेज निम्मे केले की तो पावपट होतो, वेगही घटतो. १९९२ मध्ये बर्कलीच्या अनंथा चंद्रकासन, सॅम्युएल शेंग आणि रॉबर्ट ब्रॉडरसन यांनी मांडले की घटलेला वेग समांतर सर्किटांनी भरून काढावा. एफएफटीत समांतरपणा मुबलक असल्याने ही कल्पना तिला चपखल बसली.

१९९९ च्या स्पिफीचे आकडे याचा उत्तम दाखला आहेत. ३.३ व्होल्टवर ती १,०२४ बिंदूंचे रूपांतर ३० मायक्रोसेकंदांत करते आणि ८४५ मिलिवॉट घेते, म्हणजे एका रूपांतराला सुमारे २५ मायक्रोज्यूल. १.१ व्होल्टवर वेळ ३३० मायक्रोसेकंद, पॉवर ९.५ मिलिवॉट, रूपांतराला ३.१ मायक्रोज्यूल. व्होल्टेज एक-तृतीयांश केल्यावर वर्गाच्या नियमाने नऊपट बचत अपेक्षित. प्रत्यक्षात आठपट मिळाली.

मग आणखी खाली का जाऊ नये? एमआयटीच्या अ‍ॅलिस वांग आणि चंद्रकासन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेली चिप १८० मिलिव्होल्टवर चालली, म्हणजे ट्रान्झिस्टर ज्या व्होल्टेजला ‘चालू’ झाला म्हणायचा त्याच्याही बरीच खाली. तिथे क्लॉक सेकंदाला १६४ ठोके देत होते. या कामाचे खरे महत्त्व मात्र त्या विक्रमात नाही. सर्वांत कमी ऊर्जा ३५० मिलिव्होल्टवर लागली, १० किलोहर्ट्झला, रूपांतरामागे १५५ नॅनोज्यूल. त्याखाली गेल्यावर गणित इतके रेंगाळते की त्या काळात गळणारी वीजच जास्त होते. तळ कुठे आहे हे या चिपने मोजून दाखवले.

तो तळ अढळ नाही, हे मिशिगन विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये दाखवले. त्यांनी पाइपलाइनचे तुकडे नेहमीपेक्षा बरेच बारीक केले. प्रत्येक ठोका छोटा झाला, ठोक्यागणिक गळती घटली आणि किमान ऊर्जेचा बिंदू खाली सरकला: ०.२७ व्होल्ट, ३० मेगाहर्ट्झ, रूपांतरामागे १७.७ नॅनोज्यूल, आणि सेकंदाला २४ कोटी नमुने. अतिकमी व्होल्टेज म्हणजे अतिमंद चिप, हा समज यामुळे बराच ढिला झाला.

तरीही मत दुभंगलेलेच आहे. इतक्या कमी व्होल्टेजवर तापमान किंवा ट्रान्झिस्टरमधला किरकोळ फरकही वेगात मोठा फरक पाडतो, आणि नेहमीची सहा ट्रान्झिस्टरची एसरॅम भरवशाने चालत नाही. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो की नेहमीच्या व्होल्टेजवर काम झटपट उरकावे आणि मेमरीसकट पुरवठा तोडून झोपावे. झोपेतून उठायलाही वीज लागते, त्यामुळे कोण बरोबर हे दोन रूपांतरांमधल्या अंतरावर ठरते.

बिट किती ठेवायचे

मल्टिप्लायरचा खर्च बिटांच्या वर्गाच्या आसपास वाढतो, मेमरीचा सरळ प्रमाणात. म्हणून १६ ऐवजी १२ बिट पुरले तर बचत मोठी. पण प्रत्येक पायरीवर आकडे दुप्पट होऊ शकतात. दर पायरीला निम्मे केले तर लहान संकेत गाडले जातात; न केले तर मोठे ओसंडतात. यावर ब्लॉक फ्लोटिंग पॉइंट ही तडजोड रुळली, म्हणजे आकड्यांच्या गटाला मिळून एकच घातांक. फ्रान्समध्ये डिजिटल टीव्हीसाठी बांधलेल्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८,१९२ बिंदूंच्या चिपने तिचे सुधारित रूप वापरले. मल्टिप्लायरऐवजी सरकवणे आणि बेरीज यांनीच कोन फिरवणारी, जॅक व्होल्डर यांनी १९५९ मध्ये मांडलेली कॉर्डिक पद्धतही अधूनमधून परत येते. मुळात ती बी-५८ बाँबफेकी विमानाच्या दिशादर्शनासाठी होती. तिला पायऱ्या बऱ्याच लागतात, आणि मल्टिप्लायर स्वस्त झाल्यापासून तिचे आकर्षण ओसरले आहे, असे मला वाटते.

वेगळी चिप हवीच का?

आतापर्यंत गृहीत धरले की एफएफटीसाठी खास सर्किट बांधायचे. ते सर्वांना मान्य नाही. नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीत, म्हणजे जीएमआरटीत, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. प्रत्येकीचा संकेत आधी फूरिये रूपांतराने वारंवारतांत फोडतात आणि मग अँटेनांच्या ४३५ जोड्यांचे गुणाकार करतात. सुधारित दुर्बिणीत बँडविड्थ ४०० मेगाहर्ट्झ झाली. दोन ध्रुवीकरणे धरून ६० प्रवाह, प्रत्येकी सेकंदाला किमान ८० कोटी नमुने. सगळे मिळून ४,८०० कोटी. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने यासाठी नमुने घेण्याचे आणि पाठवण्याचे काम एफपीजीए बोर्डांवर ठेवले आणि रूपांतर व गुणाकार जीपीयूंवर नेले. दर वॅटमागे खास चिप सरस ठरली असती. पण दुर्बीण एकच आहे, खगोलशास्त्रज्ञांना नव्या पद्धती अजमावायच्या असतात, आणि एका चिपचा आराखडा गोठवणे त्यांना परवडत नाही.

मधली वाटही आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने सी५५०५ या कमी विजेच्या प्रोसेसरात ८ ते १,०२४ बिंदूंचा एफएफटी विभाग शेजारी जोडला. रडारच्या चिपमध्येही असे विभाग असतात. कार्नेगी मेलनच्या ‘स्पायरल’ प्रकल्पाने तर आराखडे हाताने काढण्याचीच गरज कमी केली. आकार, बिट आणि वेग सांगितला की प्रणाली हार्डवेअरचे वर्णन लिहून देते. हाताने बांधलेल्या चिपचे समर्थक विचारतात की मेमरीची मांडणी, पुरवठा तोडणे, गळती यांचा विचार असा आराखडे लिहिणारा जनरेटर कितपत करतो. जनरेटरवाले म्हणतात की शेकडो पर्याय तपासल्याशिवाय हाताने काढलेला एक आराखडा चांगला कशावरून? माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. फक्त मेमरी त्यात पूर्णपणे धरली गेली पाहिजे.

मूळ गणितच टाळण्याचा मार्ग एमआयटीच्या हसनीह, इंडिक, कताबी आणि प्राइस यांनी २०१२ मध्ये दाखवला. वर्णपटात मोजक्याच वारंवारता असतील तर सगळे रूपांतर करायचे कशाला? त्यावर आधारलेली ७,४६,४९६ बिंदूंची चिप २०१४ मध्ये आली. वर्णपट खरोखर विरळ असेल तर ती अजोड आहे. गजबजलेला असेल तर उपयोगाची नाही, आणि कोणता प्रसंग आहे हे आधी माहीत असावे लागते. भिंगाने प्रकाशाचे फूरिये रूपांतर आपोआप होते, त्यावर बांधलेले प्रकाशीय पर्याय वेळोवेळी पुढे येतात. त्यांचा हिशेब डिजिटलमधून प्रकाशात आणि परत जाण्याच्या खर्चापाशी अडतो.

तुलना कशाची कशाशी

या क्षेत्रातला सर्वांत चिवट प्रश्न रचनेचा नाही, मोजमापाचा आहे. स्पिफीचे ३.१ मायक्रोज्यूल, एमआयटीचे १५५ नॅनोज्यूल आणि मिशिगनचे १७.७ नॅनोज्यूल एका ओळीत लिहिले की प्रगतीचा देखणा आलेख तयार होतो. पण पहिली चिप ०.७ मायक्रॉन तंत्रातली, दुसरी ०.१८ मायक्रॉनची, तिसरी ६५ नॅनोमीटरची. शिवाय एमआयटीची चिप वास्तव संकेतांसाठी होती, बाकीच्या दोन संमिश्र संकेतांसाठी. म्हणजे तिला मुळात सुमारे निम्मेच काम होते.

तंत्राचा फरक वजा करण्यासाठी आकडे ‘समान’ करून मांडण्याची पद्धत पडली. ट्रान्झिस्टरचे आकार घटले की व्होल्टेज आणि खर्च किती घटेल याचे डेनार्ड यांचे नियम तिच्या मुळाशी आहेत. २००५च्या सुमारास व्होल्टेज घटणे जवळजवळ थांबले आणि ते नियम ढासळले. सूत्रे मात्र तक्त्यांत राहिली, आणि त्यांवरून नव्या-जुन्या चिपची क्रमवारी लावणे चालूच आहे. काही जण म्हणतात की सगळे आराखडे एकाच खुल्या तंत्रावर, एकाच साधनाने पुन्हा बसवून मोजावेत. चिप प्रत्यक्ष बांधणाऱ्यांचा आक्षेप असा की अशा मोजमापात खऱ्या मेमरीचा आणि खऱ्या गळतीचा खर्च पुरेसा उमटत नाही.

हद्दीचाही प्रश्न आहे. उत्तरे उलटसुलट क्रमाने बाहेर पडतात. ती सरळ करायची तर वेगळी मेमरी लागते. ती एफएफटीच्या खर्चात धरायची की पुढच्या सर्किटच्या? एफएफटी, मग गुणाकार, मग उलट एफएफटी अशा साखळीत क्रम सरळ करावाच लागत नाही; मोडेममध्ये बहुधा लागतो. येणारे नमुने साठवणारा बफर, बटरफ्लायच्या गुणाकारात लागणाऱ्या ठरावीक संख्यांची, म्हणजे ट्विडल फॅक्टरची, रॉम, क्लॉकचे जाळे यांचीही तीच गत. दरम्यान या रचनांना नवे गिऱ्हाईक मिळाले आहे: क्वांटम संगणकांपुढे टिकण्यासाठी अमेरिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रमाणित केलेल्या एमएल-केम या सांकेतिक पद्धतीत २५६ सहगुणकांच्या बहुपदींवर एफएफटीचेच पूर्णांकी भावंड चालते, ३,३२९ या मूळ संख्येच्या मापाने. तिथे राउंडिंगचा प्रश्न नाही, पण गुप्त किल्ली विजेच्या चढ-उतारांवरून ओळखता येऊ नये ही नवी अट आहे, आणि कमी वीज व सारखी वीज या दोन मागण्या एकाच सर्किटमध्ये कशा बसवायच्या यावर काम अजून चालू आहे.